पोलिसांनी वापरलेलं स्टेनलेस स्टीलचं पिस्तूल विकायला आहे, म्हणजे नेमकं काय?

मागच्या महिन्यात भाच्याने टेक्सासहून एक फोटो पाठवला. बंदुकांच्या दुकानातलं काचेचं कपाट, आत एक चंदेरी पिस्तूल आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं की पोलीस ट्रेड-इन, स्टेनलेस, ९ एमएम, होल्स्टरच्या (कमरेच्या म्यानाच्या) खुणा आहेत, किंमत साडेचारशे डॉलरच्या आत. खाली त्याचा मेसेज, "मामा, पोलिसांचं पिस्तूल असं उघड्यावर कसं विकतात? चोरीचं तर नसेल ना? आणि हे आपल्या ताटवाटीचंच स्टील का?"

मी भोसरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढली त्यामुळे स्टीलचं उत्तर फोनवरच देऊन टाकलं, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बरेच दिवस लागले आणि जे सापडलं ते खूप जणांना माहीत नसेल असं वाटलं, विशेषतः ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

ट्रेड-इन म्हणजे काय

सरळ भाषेत एक्स्चेंज ऑफर. जुना मिक्सर द्या, नव्यावर सूट घ्या. अमेरिकेत पोलीस खातं एकच असं नाहीये, शहराचं वेगळं, काउंटीच्या शेरीफचं, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचं वेगळं, राज्याचं वेगळं, अशी हजारो खाती आहेत आणि प्रत्येकजण आपापल्या बजेटमधून हत्यारं घेतो. दहा-पंधरा वर्षांनी पिस्तुलं बदलायची वेळ आली की खातं वितरकाला सांगतं, आमच्याकडची तीनशे जुनी घ्या आणि त्यांची किंमत नव्या बिलातून वजा करा. वितरक ती जुनी पिस्तुलं दुकानदारांना विकतो आणि दुकानदार कपाटात मांडतो. सगळं कायदेशीर, पावतीवर. तेव्हा भाच्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे की चोरीचं नाही, खात्याने स्वतः दिलेलं आहे.

फोटोतलं पिस्तूल कुठलं

स्लाइडवर आकडा दिसतोय, ५९०६. म्हणजे स्मिथ अँड वेसनचं पिस्तूल, मूळची मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची ही जुनी कंपनी. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा भाग, गोळी सुटली की तो मागे-पुढे सरकतो आणि पुढचं काडतूस आत ढकलतो. खालचा भाग, ज्याला मूठ असते, तो फ्रेम. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

या कंपनीच्या त्या पिढीतल्या आकड्यांना अर्थ असायचा, आपण गाडीवर एमएच १२ दिसलं की पुण्याची म्हणतो ना तसाच. पहिले दोन आकडे ५९ म्हणजे ९ एमएमचं, दोन रांगांत काडतुसं भरायचं मोठं मॅगझिन असलेलं. तिसरा आकडा चाप कसा चालतो आणि आकार काय ते सांगतो. शेवटचा ६ असला की फ्रेम आणि स्लाइड दोन्ही स्टेनलेस. तोच ३ असला तर फ्रेम ॲल्युमिनियमची. ४००६ म्हणजे .४० काडतुसाचं, ४५०६ म्हणजे .४५चं, हे गोळीच्या जाडीचे आकडे इंचांत. १९८०च्या दशकाच्या शेवटी ही मालिका आली आणि नव्वदीत अमेरिकेतल्या कितीतरी पोलिसांच्या कमरेला हीच होती. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने १९९०मध्ये ४००६ घेतलं. कॅनडाच्या आरसीएमपीने, म्हणजे लाल कोटवाले माउंटेड पोलीस, ५९४६ घेतलं, त्यातला ४ म्हणजे प्रत्येक वेळी चाप सारखाच लांब आणि जड ओढावा लागतो. ५९०६मध्ये पहिला चाप जड आणि पुढचे हलके, कारण पहिली गोळी सुटली की स्लाइड स्वतःच घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, मागे चढवून ठेवते.

अजून एक गोष्ट या पिस्तुलात आहे जी मला कारागीर म्हणून फार आवडली. मॅगझिन बाहेर काढलं की नळीत काडतूस असलं तरी चाप चालत नाही. झटापटीत कोणी पिस्तूल हिसकावायला लागलं तर पोलिसाने बटण दाबून मॅगझिन पाडायचं की समोरच्याच्या हाती नुसतं लोखंड. काहीजणांना ही सोय नको वाटते कारण मॅगझिन बदलताना तेवढा वेळ गोळी झाडता येत नाही, ते म्हणणंही बरोबर आहे.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही का

गंजतं. फक्त उशिरा आणि कमी. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं की ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग करून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार करतं, डोळ्यांना न दिसणारा, आणि ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा धरतो. दुधावर साय धरते, चमच्याने बाजूला केली तरी परत धरते, तसं समजा. पण मीठ या थराला खातं. म्हणूनच लोणच्याच्या स्टीलच्या डब्याला बारीक टोचल्यासारखे ठिपके पडतात आणि म्हणूनच घामाने भिजणाऱ्या, कमरेला लावायच्या पिस्तुलालाही पुसून तेल लावावंच लागतं.

आता ताटवाटीचा प्रश्न. घरात लोहचुंबक असेल तर करून बघा, चांगल्या स्टीलच्या डब्याला तो चिकटत नाही. ते ३०४ जातीचं, त्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, गंजायला एकदम कणखर पण भट्टीत तापवून कडक करता येत नाही. बंदुकीला कडकपणा लागतो, म्हणून तिथे बहुधा ४१० किंवा ४१६ जातीचं वापरतात, जे सुरीच्या पात्याच्या कुळातलं आहे. त्याला चुंबक चिकटतो, ते पाणी देऊन कडक होतं, आणि त्याबदल्यात डब्यापेक्षा थोडं लवकर गंजतं. दोन्हीला स्टेनलेसच म्हणतात पण कामं वेगळी.

स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की एक त्रास होतो, टूलरूममध्ये आम्ही त्याला पकडलं म्हणायचो. एसएसचा बोल्ट एसएसच्या नटमध्ये कोरडा फिरवला की मध्येच असा अडकतो की शेवटी कापावाच लागतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना अक्षरशः चावतात. पिस्तुलात स्लाइड फ्रेमवरच घासते, त्यामुळे १९७०च्या दशकातली काही स्टेनलेस पिस्तुलं याच कारणाने बदनाम झाली. पुढे दोन भागांना वेगवेगळा कडकपणा द्यायचा आणि तेल सोडायचं नाही या दोन गोष्टींनी ते सुटलं. रिव्हॉल्व्हरला हा त्रास नव्हता, म्हणून स्मिथ अँड वेसनचं पहिलं स्टेनलेस हत्यार १९६५चं मॉडेल ६०, पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर होतं.

हे सगळं इतकं सांगतोय ते एवढ्यासाठी की नीट ठेवलं तर असं पिस्तूल पन्नास वर्षं सहज चालतं. पोलीस खातं ते पंधरा वर्षांत सोडतं. मधली पस्तीस वर्षं ते कुठेतरी असतंच.

चांगलं होतं तर पोलिसांनी सोडलं का

दोन कारणं, एक वजन आणि दुसरं काडतूस. ५९०६ रिकामं असताना किलोच्या वर भरतं, ऑस्ट्रियाच्या ग्लॉकचं प्लास्टिक फ्रेमचं १७ नंबर साधारण सव्वासहाशे ग्रॅम. वायरलेस, बेड्या, टॉर्च सगळं पट्ट्यावर लादून आठ-दहा तास गाडीत बसायचं म्हणजे हा चारशे ग्रॅमचा फरक कंबरेलाच कळतो. शिवाय ग्लॉक बनवायला सोपं, त्यामुळे खात्यांना दरही चांगला द्यायचे.

काडतुसाची गोष्ट मायामीत सुरू होते. ११ एप्रिल १९८६ला तिथे एफबीआय आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली, दोन एजंट मेले, पाच जखमी झाले, दोघे दरोडेखोरही मेले. एका एजंटची ९ एमएमची गोळी हल्लेखोराच्या छातीत शिरली पण हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि त्यानंतरही तो माणूस गोळ्या झाडत राहिला. मग मोठं काडतूस हवं अशी ओरड झाली, त्यातून १९९०मध्ये .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसनचंच) काडतूस आलं आणि खात्यांनी धडाधड ९ एमएम सोडली. नंतर ९ एमएमच्या गोळ्याच सुधारल्या, धक्का कमी बसतो, नेम चांगला लागतो, मॅगझिनमध्ये जास्त बसतात, म्हणून २०१५च्या आसपास एफबीआय परत ९ एमएमवर आली आणि मागोमाग बाकीची खातीही. अशा प्रत्येक वळणावर चालू स्थितीतल्या पिस्तुलांचा ढीग बाजारात गेला. मोडलं म्हणून नाही, फॅशन म्हणूनही नाही, धोरण बदललं म्हणून.

वापरलेलं म्हणजे झिजलेलं का

बहुतेक पोलीस पिस्तुलं बाहेरून घासलेली आणि आतून बरी असतात. कारण पोलीस ते रोज होल्स्टरमधून काढतो-घालतो पण झाडतो वर्षातून मोजक्या वेळा, सरावाच्या दिवशी. भाच्याच्या फोटोत बघा, स्लाइडच्या पुढच्या कडा आरशासारख्या गुळगुळीत झाल्यात आणि मुठीच्या उजव्या बाजूचं प्लास्टिक पांढरं पडलंय, गाडीत बसताना सीटबेल्टचं बक्कल घासून तसं होत असावं. मुठीच्या तळाशी कोणीतरी टोकदार वस्तूने ४१ असा आकडा कोरलाय. कपाटाचा नंबर असेल. तो फोटो मोठा करून मी बराच वेळ बघत बसलो होतो, कोणीतरी रोज सकाळी तो ४१ बघून उचलत असेल.

चिठ्ठीवर रात्रीचे साइट बंद असंही होतं. नेम धरायच्या ठिपक्यांत ट्रिशियम नावाचा किरणोत्सारी वायू भरलेला असतो, त्यामुळे ते अंधारात बॅटरीशिवाय चमकतात. दर बारा-साडेबारा वर्षांनी तो निम्मा होतो. म्हणजे पंचवीस वर्षांत पाव प्रकाश उरतो. ठिपके विझलेत यावरूनच पिस्तुलाचं वय कळतं.

मॅगझिनवर एक शिक्का होता, फक्त पोलीस आणि सरकारी वापरासाठी या अर्थाचा. भाचा त्याने घाबरला होता. त्याचं असं की सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ या दहा वर्षांत अमेरिकेत दहापेक्षा जास्त काडतुसांचं नवीन मॅगझिन सामान्य माणसाला विकायला बंदी होती, पोलिसांना सूट होती, म्हणून पोलिसांच्या मॅगझिनवर तो शिक्का मारायचे. कायद्याची मुदत २००४ला संपली आणि शिक्का तसाच राहिला. काही राज्यांत मात्र मॅगझिनची मर्यादा आजही आहे, ते राज्याप्रमाणे बघावं लागतं.

मग कोणीही जाऊन घेऊ शकतं का

नाही. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे नाव तपासतो, ही यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८पासून आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला, बायकोला किंवा जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेला, असे लोक बाद होतात. तीन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर केंद्रीय कायद्याने दुकानदार विकू शकतो.

आता तिकडे असलेल्या आपल्या मुलांसाठी महत्त्वाचं, हे नीट वाचा. एच-१बी, एफ-१, बी-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक घ्यायलाच काय, जवळ बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला मोठा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राच्या नावाने घेऊ, हा विचार तर स्वप्नातही नको, दुसऱ्यासाठी घेऊन फॉर्मवर स्वतःसाठी लिहिणं हाच गुन्हा आहे. माझा भाचा एच-१बीवर आहे आणि त्याला हे माहीत नव्हतं, दुकानात हातात घेऊन बघून आला होता.

मग अडचण कुठे आहे

दुसऱ्या विक्रीत. दुकानातून पहिल्याने घेतलं तेव्हा तपासणी झाली, नंतर त्याने शेजाऱ्याला विकलं तर केंद्रीय कायदा तपासणी मागत नाही, काही राज्यं मागतात, बरीच मागत नाहीत. शिवाय पिस्तुलं चोरीला जातात, गाडीच्या डॅशबोर्डमधून, घरातून. द ट्रेस, सीबीएस न्यूज आणि रिव्हील या तीन बातमीसंस्थांनी मिळून २०२४मध्ये शोध घेतला, तेव्हा २००६पासून गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या हत्यारांपैकी ५२ हजारांहून जास्त हत्यारं एकेकाळी पोलिसांची होती असं निघालं. मला हा आकडा वाचून खूप वाईट वाटलं. ज्या खात्याने लोकांच्या रक्षणासाठी लोकांच्या पैशाने घेतलं, त्याच खात्याचं हत्यार पंचनाम्यात.

न्यू ऑर्लिन्समध्ये तर १९९८ साली महापालिकेने बंदूक कंपन्यांवर खटला भरला की तुम्ही बेफिकिरीने विकता, आणि मग उघड झालं की त्याच शहराच्या पोलिसांनी जप्त केलेली आणि वापरलेली हजारो हत्यारं एक्स्चेंजमध्ये बाजारात सोडली होती.

माग कसा काढतात तेही बघण्यासारखं आहे. आपल्याला वाटेल नंबर टाकला की कॉम्प्युटरवर मालकाचं नाव येतं, आरटीओसारखं. तसं नाहीच. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावात एटीएफ या बंदुकांचा कारभार बघणाऱ्या केंद्रीय खात्याचं माग काढायचं केंद्र आहे, तिथले कर्मचारी कंपनीला विचारतात कोणाला विकलं, मग वितरकाला, मग दुकानाला. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या खोक्यांतून तिथे येतात, त्या स्कॅन करतात पण नावाने शोधता येत नाहीत, पानं चाळावी लागतात. आणि हा सगळा माग पहिल्या किरकोळ गिऱ्हाईकापाशी येऊन संपतो. पुढे पिस्तूल कोणाकडे गेलं ते पोलिसांनी दारोदार विचारायचं. पोलिसांच्या हत्याराचा तर अनेकदा खात्यापर्यंतच माग लागतो, कारण कंपनीच्या दृष्टीने पहिलं गिऱ्हाईक खातंच.

पण पोलिसांचं म्हणून जास्त धोका असं थोडंच आहे

बरोबर, तसं कोणी म्हणू शकत नाही. तपासात आलेलं प्रत्येक हत्यार गोळी झाडलेलंच असतं असंही नाही, कधी नुसतं गाडीत सापडलेलं असतं, आणि हे आकडे सगळ्या बंदुकांचं प्रतिनिधित्व करत नाहीत असं एटीएफ स्वतःच बजावतं. अमेरिकेत आधीच माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, त्यात खात्यांच्या बंदुका म्हणजे मूठभर. हे मान्य. पण बाकीच्या बंदुका कुठे जातात ते एकट्या शेरीफच्या हातात नाही, त्याच्या स्वतःच्या तीनशे पूर्णपणे त्याच्या हातात आहेत. रस्त्यावर कचरा आहेच म्हणून मी माझी बादली रस्त्यात ओतत नाही ना.

करदात्यांचा पैसा वाचतो त्याचं काय

हा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. छोट्या गावाच्या खात्यात वीस-तीस माणसं, जुन्यांचे दोनशे-अडीचशे डॉलर प्रत्येकी वजा झाले तर तेवढ्यात दुसरं काहीतरी येतं, बुलेटप्रूफ जाकीट येतं. वितळवलं तर हाती भंगाराचे पैसे. मीसुद्धा आधी असाच विचार केला. मग उलटा हिशोब केला, एका खुनाच्या तपासाला, खटल्याला, तुरुंगाला सरकारचे किती जात असतील, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याचा तर हिशोबच नाही. तीनशेतलं एक जरी तसं गेलं तरी वाचवलेलं सगळं गेलं.

वितळवायला दिलं तर प्रश्न मिटला का

इथे तो फ्रेम शब्द परत येतो. अमेरिकन कायद्यात फ्रेम म्हणजेच बंदूक, नंबर फ्रेमवरच असतो, गाडीच्या चासीसारखा. बाकीचे म्हणजे स्लाइड, नळी, स्प्रिंगा हे सगळे स्पेअर पार्ट. त्यामुळे काही ठिकाणी नष्ट करायला दिलेल्या बंदुकांची फक्त फ्रेम चिरली जाते आणि उरलेले भाग किट म्हणून विकले जातात, नवी फ्रेम जोडली की झालं तयार. कागदावर मात्र नष्ट. म्हणून खात्याने नष्ट करायला देताना पूर्ण पिस्तूल, शेवटच्या स्प्रिंगपर्यंत, असं करारात लिहून घ्यायला पाहिजे आणि भट्टीपाशी आपला माणूस उभा करायला पाहिजे. आम्ही रिजेक्ट झालेले डाय, म्हणजे साचे, भंगारात देताना आधी कापून द्यायचो, कारण नाहीतर तेच डाय दुसरीकडे चालू झालेले दिसायचे.

खरं सांगतो, मशिनवर आयुष्य गेलेल्या माणसाला असा तुकडा कापायला जिवावर येतं. त्या स्लाइडचं मिलिंग बघा, कडा बघा, किती तास गेले असतील एकेकावर. तरी मी कापाच म्हणेन.

सीमेपलीकडे आणि आपल्याकडे

कॅनडात तेच ५९४६ पोलिसांकडे होतं, पण तिथे २१ ऑक्टोबर २०२२पासून सामान्य माणसांमधली पिस्तुलांची खरेदी-विक्रीच गोठवली आहे. आपल्याकडे १९५९चा आर्म्स ॲक्ट आहे, आधी लायसन मग हत्यार असा क्रम, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच. ९ एमएम तर प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लायसनवर मिळतच नाही, म्हणून आपल्याकडे लायसनवाल्यांकडे .३२ दिसतं. तिकडून येताना बॅगेत चुकून एक काडतूस जरी राहिलं तरी मुंबई विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आलेली जाकिटं आणि सॅक निघायच्या आधी उलटी करून झटकायची, आठवण म्हणून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा नको.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला मामा मी परत गेलो होतो, दुकानदाराला विचारलं हे कुठल्या खात्याचं. दुकानदार चांगला माणूस होता, वही काढून बघितली, म्हणाला माझ्याकडे वितरकाचं नाव आहे, त्याच्या मागचं मला माहीत नाही. तोवर ४१ नंबर विकला गेला होता. कपाटात त्याच जागी त्याच बनावटीचं दुसरं ठेवलेलं होतं, मुठीवर १७.